वास सगळ्यांना येत होता

"अ‍ॅनोस्मिया," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या नाकातून ती बारीक दुर्बीण बाहेर काढून त्यांनी ट्रेमध्ये ठेवली. "म्हणजे वास न येणं. व्हायरल तापानंतर होतं असं. काळजीचं काही नाही."

हे "काळजीचं काही नाही" त्यानंतर मी इतक्या तोंडांतून ऐकलं की आता कोणी तसं म्हणालं की मला आधी काळजी वाटते.

श्रीरामपूरच्या त्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात माझ्या आधी कानात हरभऱ्याचा दाणा घातलेलं एक पोर होतं आणि आवाज बसलेले एक कीर्तनकार. पोराचा दाणा निघाला, सगळ्यांनी पाहिला, त्याच्या आईनं तो रुमालात बांधून घेतला. कीर्तनकारांचा आवाज ऐकून कुणालाही त्यांची दया आली असती. माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. नाक जागेवर होतं. सर्दी नव्हती, दुखत नव्हतं, श्वास मोकळा होता. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमचं काय?" मी म्हणाले, "वास येत नाही." ती म्हणाली, "एवढंच?"

हो, एवढंच.

डॉक्टरांनी नीट समजावलं, हे मात्र मान्य करते. नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, दोन भुवयांच्या मागे, वास ओळखणाऱ्या नसांची टोकं असतात. विषाणू तिथल्या पेशी मारतो. वास नाकात शिरतो, पण पलीकडे तो घेणारं कोणी उरत नाही. "आणि चव?" मी विचारलं, कारण तापानंतर मला सगळं अन्न कागद चावल्यासारखं लागत होतं. ते म्हणाले, "चव गेलेलीच नाही. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू असलं मोजकंच कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते सगळं नाकाचं काम."

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. पंचेंद्रियांचा धडा मी किती पिढ्यांना शिकवला याची गणती नाही. जीभ चवीचं इंद्रिय, नाक वासाचं, असं पोरांकडून घोकून घेतलं, चुकलं तर कान पिरगाळले. निवृत्त झाल्यावर कळलं की धडाच अर्धा होता.

डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला आणि एक व्यायाम सांगितला. स्मेल ट्रेनिंग, म्हणजे नाकाला पुन्हा शाळेत घालणं. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी अशा चार बाटल्या घ्यायच्या, सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची, आणि हुंगताना तो वास आठवायचा. "कधी येईल?" म्हटलं. "महिने लागतात. कधी वर्ष. कधी पूर्ण येत नाही." मग दारापर्यंत गेल्यावर त्यांनी मागून सांगितलं, "गॅस बंद आहे का ते नजरेनं बघत जा. शिळं-नासकं खाऊ नका." एवढीच सूचना. घरात आणखी काय काय नासू शकतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मलाही सुचलं नाही.

आम्ही देवळाली प्रवऱ्याला राहतो. साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की इकडच्या हवेला मळीचा आंबूस वास असतो. पाहुणे नाकाला रुमाल लावतात, आम्हाला काही वाटत नाही. ताप उतरल्यावर एका सकाळी मी अंगणात आले आणि यांना म्हणाले, "कारखाना बंद पडला की काय?" हे माझ्याकडे बघतच राहिले. मागच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. त्याच सकाळी दूध उतू जाऊन करपलं, आणि मी हाताच्या अंतरावर मेथी निवडत बसले होते. तेव्हा कळलं.

हे म्हणजे माझे यजमान. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, आता निवृत्त. शुगर आहे, जुनी. मोठा गुण असा की तक्रार नाही. आमटी खारट झाली तरी "बरंय", मीठ विसरले तरी "बरंय". चव गेल्यावर मी कसा स्वयंपाक केला असेल देव जाणे, पण त्या माणसानं एकदाही ताटावरून तोंड वाकडं केलं नाही. तेव्हा मला याचं फार कौतुक वाटायचं.

गावानं इलाज सांगितले. ओव्याची पुरचुंडी, नाकात कोमट तूप, उशाशी कांदा कापून ठेव. आमच्या शेजारच्या शिंदेवहिनी म्हणाल्या, "बरंच झालं की बाई, गटारीचा वास तरी यायचा न्हाई." पुण्याहून मुलगा म्हणाला, "आई, खूप जणांना होतं, येतो परत, तू टेन्शन घेऊ नकोस." आमच्या गावच्या डॉक्टरांना विचारलं की हा कोरोनाच होता का, तर ते म्हणाले, "आता कोन तपासतंय? तो आसंल न्हाईतर दुसरा. औषद तेच." पाय मोडला असता तर लोक फळं घेऊन आले असते. नाक गेलं तर विनोद घेऊन आले.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

हे रोज संध्याकाळी पाटाच्या कडेनं फिरायला जात. एक दिवस परत आले, चप्पल काढली, तर अंगठ्याखाली मोठा फोड. चपलेत खडा अडकला होता आणि त्यांनी त्याच्यावर सगळी फेरी मारली होती. दुखलंच नाही. याला डायबेटिक न्यूरोपॅथी म्हणतात. जुन्या शुगरनं पायाच्या नसा बधिर होतात, माणसाला खडा, चटका, काटा काही कळत नाही. म्हणजे एकाच घरात एकाचा पाय बहिरा आणि एकीचं नाक बहिरं. देवानं जोडी जमवली ती अशी.

राहुरीच्या डॉक्टरांनी फोड साफ केला, ड्रेसिंग कसं करायचं ते मला दाखवलं. सलाईननं धुवायचं, बिटाडीन, वर गॉज, मग पट्टी. म्हणाले, "रोज करा. सूज आली, लाली आली, पू झाला किंवा वास आला तर लगेच या." मी मान डोलावली. वास आला तर लगेच या. माझ्याच तोंडावर सांगितलं आणि मीच मान डोलावली.

ज्यांचं नाक शाबूत आहे त्यांना हे कळणार नाही, म्हणून सांगते. नाक गेलेल्या माणसाला आपलं नाक गेलंय हे सारखं आठवत नसतं. आंधळ्याला पावलोपावली ठेच लागते, बहिऱ्याला लोकांचे ओठ हलताना दिसतात. नाकाचं तसं नाही. काहीच अडत नाही. हळूहळू असं वाटू लागतं की जगातच वास उरलेले नाहीत, सगळं धुऊन स्वच्छ ठेवलंय. मी रोज सकाळी त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसे, मन लावून धुवे. जखमेवर करडी-पांढरी साय दिसायची. मला वाटलं नवी कातडी धरतेय.

मध्येच एकदा राहुरीच्या दवाखान्यातून फोन आला. "काकू, ताप?" नाही. "पू?" थोडं पाणी येतं. "वास?" मी म्हणाले, "नाही." "मग चालू ठेवा, सोमवारी दाखवा." मी खोटं बोलले नाही. मला येत नव्हता म्हणून नाही म्हणाले. फोन ठेवून मी लिंबाची बाटली हुंगायला बसले.

या काळात यांना बघायला माणसं येत होती. कारखान्यातले जुने सोबती, माझ्या शाळेतल्या बाई, गल्लीतले सगळे. आणि मी पाहत होते की कोणी आत येत नाही. मी आत खुर्च्या मांडलेल्या, आणि हे सगळे ओट्यावर. "आत या ना." "नको, बाहेर वारा चांगला हाय." चहा विचारला तर कुणाला उपास, कुणी आत्ताच घेऊन आलेलं. शाळेतल्या बाई दारात उभ्या राहून यांच्याशी बोलल्या, पदर तोंडाशी, पाच मिनिटांत गेल्या. शिंदेवहिनी एकदा भर दुपारी आल्या, सरळ देवापाशी गेल्या आणि मूठभर उदबत्त्या लावून आल्या. म्हटलं, "ही काय वेळ वहिनी?" म्हणाल्या, "मनात आलं."

मला वाटलं, माझ्या तापाला भितात. विषाणूची भीती अजून लोकांच्या मनातून गेली नाही. मला फार लागलं ते. मी यांना म्हणाले, "बघा, ज्यांच्या बाळंतपणाला मी डिंकाचे लाडू पाठवले त्या आता उंबरा ओलांडत नाहीत." हे म्हणाले, "जाऊ दे. बरंय."

मग आक्का आल्या.

मंदाआक्का म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. बेलापूरला असतात. आमचं कित्येक वर्षं धड बोलणं नव्हतं. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात, व्याह्यांची पंगत बसलेली असताना, आक्कांनी खणखणीत आवाजात सांगितलं होतं की बासुंदी खाली लागलीय, वाढू नका. बासुंदी लागली होती हे खरं. पण असं म्हणतात का? तेव्हापासून लग्नकार्यात समोरासमोर आलो तर "कशा आहात" इतकंच. भाऊ आजारी आहे हे त्यांना कुणाकडून तरी कळलं आणि सोमवार यायच्या आतच त्या एसटीनं आल्या, न सांगता.

उंबऱ्यात एक पाय ठेवला आणि थांबल्या. "सुमन, घरात काय मेलंय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आक्का, इतक्या वर्षांनी आलात. आधी चपला काढा, पाणी घ्या, मग घराला नावं ठेवा."

चपला काढल्याच नाहीत त्यांनी. मोरीत गेल्या, स्वयंपाकाच्या ओट्याखाली वाकल्या, कपाटामागे बघितलं, आणि नाक पुढं करून शेवटी यांच्या कॉटपाशी येऊन थांबल्या. "हितंच हाय." आणि मी नको नको म्हणत असताना पट्टी सोडली.

"रघू, आरं पाय सडलाय तुझा." मग माझ्याकडे वळून, "आगं तुला रोज करताना वास येत न्हाई व्हय?"

"मला वासच येत नाही, आक्का. नाक गेलंय माझं. तापात."

"मंग सांगायचं न्हाई कुनाला?"

"सगळ्या गावाला सांगितलंय."

आक्का दारातून ओट्याकडे बघत होत्या. तिथं कारखान्यातले दोघं सोबती बसले होते, माना खाली घालून. आक्का त्यांना म्हणाल्या, "आन् तुमची नाकं कुटं गेल्ती?"

त्यातल्याच एकाची गाडी घेऊन आम्ही नगरला गेलो. सगळ्या वाटेत काचा खाली होत्या, तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की त्या का खाली आहेत.

नगरच्या सर्जननी पट्टी सोडली आणि पुढचं सगळं झपाट्यानं झालं. वेट गँगरीन, ते म्हणाले. म्हणजे मांस मरून, त्यात जंतू होऊन ते कुजणं. अंगठा आणि शेजारचं बोट वाचणार नव्हतं. बाकीची जखम त्यांना खरवडून काढायची होती, त्याला डिब्राइडमेंट म्हणतात, म्हणजे मेलेलं सगळं कापून जिवंत मांसापर्यंत जायचं. "एवढा वास सुटेपर्यंत घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?" त्यांनी विचारलं, आणि आवाज साधा नव्हता.

"मला अ‍ॅनोस्मिया आहे," मी म्हणाले.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि घरात दुसरं कोणी नाही?"

"घरात नाही. ओट्यावर होते."

ते काही समजले नसणार. म्हणाले, "उशीर झाला आहे. आणखी झाला असता तर गुडघ्याखालून काढावा लागला असता. प्रयत्न करू." काळजीचं काही नाही असं न म्हणणारे ते पहिले डॉक्टर. त्यांच्यावर माझा तिथेच विश्वास बसला.

दोन बोटं गेली. पाऊल राहील की नाही हे ठरायला बरेच दिवस लागणार होते. रोज ड्रेसिंगच्या वेळी नातेवाइकांना बाहेर काढायचे. त्या बोळात सगळे नाकाला पदर, रुमाल, ओढण्या लावून भिंतीला चिकटून उभे असत. एकदा मला भूक लागली होती, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी तिथंच बाकावर बसून डबा उघडला आणि पिठलं-भाकरी खाल्ली. समोरची एक मुलगी उठून ओकायला गेली. तिची आई माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती मी विसरणार नाही. मला त्या भाकरीची चव लागत नव्हती, पण त्या बाईला ते कसं सांगणार?

एका दुपारी हे जरा शुद्धीत, शांत होते. मी म्हणाले, "तुमचं नाक तर चांगलं होतं ना? तुम्हाला वास येत नव्हता?"

"येत हुता की."

"मग?"

"मला वाटलं औषदाचा हाय. आन् तू काई बोल्ली न्हाईस. घरात येवढंसं काई झालं तरी पैलं तुलाच कळतंय. तुजं नाक गेलंय ह्ये ध्यानातच ऱ्हायलं न्हाई. तू गप, मंग म्हनलं बरंय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या नाकाला हा माणूस हसत आला. पोलिसात पाहिजे होती म्हणायचा. आणि त्याच नाकावर भरवसा ठेवून पडून राहिला. मी संडासात जाऊन रडले. तिथं जायला इतर लोक नाखूश असत, त्यामुळे निवांत होतं.

डिस्चार्ज मिळाल्यावर मी शिंदेवहिनींना गाठलं. भांडायला म्हणूनच गेले होते, उगाच सौम्य करून सांगत नाही.

"वहिनी, तुम्हाला वास येत होता?"

"येत हुता. लई येत हुता. डोकं दुखायचं."

"माझं नाक गेलंय हे माहीत होतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "कसं म्हनायचं बाई? आजारी मानसाच्या घरात नाक मुरडू नये म्हनत्यात. भावजींना काय वाटलं आसतं? तुमाला काय वाटलं आसतं? मला वाटलं डाक्टर बगत्यातच."

"नाक मुरडू नये म्हणतात," मी म्हणाले. "तोंड उघडू नये असं कुठं म्हणतात?"

त्या रडत राहिल्या आणि मी घरी आले. मला समाधान वगैरे झालं नाही. खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असते तर मीही उदबत्तीच लावली असती. आपल्याकडे चांगल्या घरची माणसं असंच करतात. हे कळतं मला. तरी त्यांना माफ केलेलं नाही.

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. जखम उघडी होती, भरत यायला महिने लागणार होते. सर्जननी बजावलं होतं, रंग बघा, वास बघा. आणि नेमकं तेव्हाच माझं नाक परत येऊ लागलं. आलं ते वाकडं.

पॅरोस्मिया. मेलेल्या नसा पुन्हा वाढतात, पण तारा भलतीकडे जोडल्या जातात, असं श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे वास येतो, पण चुकीचा. चांगलं लक्षण आहे, म्हणाले. त्या चांगल्या लक्षणात चहाला जळक्या टायरचा वास होता. कांद्याची फोडणी पडली की कोणी गटार उपसतंय असं वाटायचं. साबण, टूथपेस्ट, भिजलेली माती, सगळ्याला एकच वास, टायर आणि कुजका बटाटा. मी दहीभात आणि थंड भाकरीवर दिवस काढले. पुष्कळ वाळले. गावातल्या बायका म्हणाल्या, बारीक झालात, छान दिसता.

आणि जखमेलाही तोच कुजका वास. मी घाबरून यांना रिक्षात घालून राहुरीला नेलं. डॉक्टरांनी पट्टी काढली. जखम लालचुटुक, स्वच्छ. पुन्हा दोन-चार दिवसांनी नेलं, पुन्हा स्वच्छ. तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले, "काकू, उगाच सोडत जाऊ नका पट्टी, त्यानं उलट इन्फेक्शन होईल." म्हणजे आधी वास येत नव्हता तेव्हा नेलं नाही, आता येतो तर नेऊ नका. मी काय करावं हे त्यांनाही सांगता येईना.

तुमच्या घरात शुगरचा पेशंट असेल आणि तुमचं नाक गेलं असेल, तर माझं एवढं ऐका. हुंगायला दुसरं माणूस शोधा, ताबडतोब. आणि गोड बोलणारं शोधू नका.

मी बेलापूरला फोन केला. काय बोलायचं ते आधी घोकलं होतं. आक्कांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दारात. आल्या त्या राहिल्याच. अधूनमधून घरी जाऊन यायच्या, पण मुक्काम आमच्याकडे.

रोज सकाळी मी पाय मांडीवर घेऊन पट्टी सोडायची, आक्का गुडघ्यावर हात ठेवून वाकायच्या, नाक जखमेजवळ नेऊन दोनदा हुंगायच्या. "न्हाई." मग मी धुवायची. ते "न्हाई" ऐकल्याशिवाय मी सलाईनला हात लावायची नाही. एकदा त्या म्हणाल्या, "आज जरा हाय." आम्ही तसेच निघालो. डॉक्टरांना कडेला थोडं काळं सापडलं, त्यांनी ते काढलं, गोळी बदलली. म्हणाले, वेळेत आलात. पाऊल वाचलं ते तिथं वाचलं, असं मी मानते.

पण म्हणून आक्कांबरोबर राहणं सोपं झालं असं नाही. बाई तोंडानं फटकळ ती फटकळच. "आमटी हाय का पायाचं पानी?" "तुझ्या पोराला यायला येळ न्हाई व्हय?" माझ्या चार बाटल्या बघून म्हणाल्या, "ह्ये वास आठवून काय हुनार, मेलेल्याला हाका मारून तो उठतो व्हय?" आणि कोणी भेटायला आलं आणि ओट्यावर टेकलं की आतून ओरडायच्या, "बाहेर का बसलाव? आता वास न्हाई. या आत." आलेला माणूस लाजेनं अर्धा व्हायचा. एरवी मलाही लाज वाटली असती. आता मला ते ऐकायला बरं वाटायचं, आणि शिंदेवहिनी आल्या असतील तर जास्तच.

उन्हाळा सरत आला. जखम बोटाच्या पेराएवढी उरली. माझं टायर थोडं कमी झालं होतं. लिंबाच्या बाटलीत कधी कधी, अगदी मागे, लिंबू असल्यासारखं वाटायचं, पण माझा मलाच भरवसा नव्हता.

त्या सकाळी आक्कांना बेलापूरला जायचं होतं, नातवाचं काहीतरी होतं. पिशवी भरून तयार. जायच्या आधी पाय बघायला वाकल्या, माझ्या खांद्याला खांदा लावून, नेहमीसारख्या. आणि माझ्या नाकात मिश्री शिरली. भाजलेल्या तंबाखूची, कडक, उग्र. आक्का सकाळी मिश्री लावतात. लग्न होऊन आले तेव्हापासून मला तो वास सोसत नाही. त्या शेजारी बसल्या की मी तोंड फिरवायची. टायर नव्हतं, बटाटा नव्हता. मिश्रीच होती.

"आक्का, तुमच्या तोंडाला मिश्रीचा वास येतोय."

"कुनाला?"

"मला."

त्यांनी मला जवळ घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत. उठल्या आणि मोरीत गेल्या. चुळा भरण्याचा आवाज बराच वेळ येत होता. परत येऊन माझ्या तोंडासमोर तोंड आणलं. "आता?"

"आता नाही. जरासा."

"जरासा ऱ्हानारच," त्या म्हणाल्या. "मंग आता हुंग तूच."

मी वाकले. बिटाडीनचा वास आला. दवाखान्यासारखा, तिखट. त्याच्याखाली दुसरा काही आहे का म्हणून मी पुन्हा हुंगलं, आणि पुन्हा. नव्हता.

"काही नाही," मी यांना म्हणाले. "बिटाडीन आहे फक्त. स्वच्छ आहे."

यांनी पाय मागे घेतला. अगदी थोडा, पण माझ्या मांडीवरून घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आक्का, तू बी एकदा हुंग की."

तक्रार न करणारा माणूस तो. सगळं बरंय म्हणणारा. मला काय झालं ते मी लिहू शकत नाही. हातातला गॉज तसाच हातात राहिला.

आक्कांनी पिशवी खांद्याला लावली. "माजी येष्टी जाईल," त्या म्हणाल्या. "तिला मिश्री कळली रघू, तिला सगळं कळंल. पाय दे तिच्याकडं." आणि चपला घालून, मागे न बघता पायऱ्या उतरल्या.

हे थोडा वेळ दाराकडे बघत राहिले. मग पाय पुन्हा माझ्या मांडीवर ठेवला.